सहा सिलिंडर आणि अप्पांचा कान

विजयनगरातल्या त्या माणसानं फोनवर पहिल्याच वाक्यात "अगदी निवांत या, घाई काहीच नाही" म्हटलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याला गाडी विकायची आहे त्याला घाई नाही, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. त्यात त्याचं मराठी. आम्ही म्हैसूरकर घरात जे मराठी बोलतो त्यात कानडी इतकी कालवलेली असते की पुण्याकडचा पाहुणा निम्मा वेळ नुसती मान हलवतो. हा मात्र रेडिओवर बातम्या सांगितल्यासारखा बोलत होता. इतक्या स्वच्छ मराठीत कुणी गोड बोलायला लागलं की मी आधी खिसा चाचपतो.

संशय हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता, त्याला मी तरी काय करू? एका कारखान्यात तीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली. समोर आलेला नग नापासच आहे असं धरून सुरुवात करायची आणि सगळी मापं बरोबर निघालीच तर नाइलाजानं पास करायचा, ही आमच्या खात्याची शिस्त. ती मी घरी आणली अशी बायकोची तक्रार आहे. भाजीवाल्याचा तराजू, दुधाच्या पिशवीवरची तारीख, गॅसच्या सिलिंडरचं सील, सगळं मी उलटंपालटं करून बघतो. तिला बघायला गेलो होतो तेव्हाही मी तिच्याकडे नुकत्याच उतरवलेल्या मालाकडे बघावं तसा बघत होतो, असं ती चारचौघांत सांगते. ते खोटं आहे. मी घाबरलो होतो.

गाडीचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर नातेवाईक फोन करून किंमत विचारतील. परदेशी कंपनीची, चार दारांची गाडी; उभी असली की एखाद्या शांत डॉक्टराची वाटावी अशी, आणि आत शर्यतीचं इंजिन. सहा सिलिंडर एका ओळीत, हातानं बदलायचे गिअर, ताकद मागच्या चाकांना. कंपनीनं आपल्याकडे त्या मोजक्याच आणल्या. मग लोकांना आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आवडायला लागल्या आणि हिचं येणं बंद झालं. ज्यांच्याकडे होत्या त्यांनी त्या दडवून ठेवल्या.

ती पहिल्यांदा मी पाहिली नाही, अप्पांनी ऐकली. आम्ही बापलेक माझ्या छोट्या गाडीतून बेंगळूरहून परत येत होतो. काचा वर, अप्पा शेजारी डोळे मिटून डुलक्या घेत होते. श्रीरंगपट्टणाच्या अलीकडे मागून काहीतरी आलं, आम्हाला ओलांडून गेलं, आणि अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "सहा आहेत. ओळीत." मी म्हटलं, कशावरून? ते उठून बसले आणि तिचे मागचे दिवे दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले. मग म्हणाले, "असली एक गाडी आपल्या दारात यायला पाहिजे बघ. एकदाच तरी." आयुष्यभर अप्पांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे त्यांनी मागितलं असंही म्हणता येणार नाही, पण मी ते तसंच धरलं.

अप्पा नजरबादला सरकारी गॅरेजात मेकॅनिक होते. पण गाड्या ऐकायचं त्यांचं कसब गॅरेजातलं नव्हे, घरातलं होतं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत घोडेस्वार. फौज मोडली, घोडे गेले, घरात खोगिराची एक रिकीब आणि एक रीत तेवढी उरली. घोडा विकत घेताना घरातल्या थोरल्यानं रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभं राहायचं आणि घोडा त्याच्यासमोरून तीनदा न्यायचा. टापा नीट पडतात का, कुठला पाय राखून टाकतो, श्वास कसा आहे, हे सगळं कानानं घ्यायचं. डोळा घोड्याच्या रंगाला भुलतो, म्हणून डोळे मिटायचे. तिसऱ्या फेरीनंतर थोरल्यानं हात वर केला तर घोडा दारात, नाही तर नाही. घोड्यांच्या जागी सायकली आल्या, मग स्कूटर, मग गाडी. रीत तीच राहिली. चामराजपुरममध्ये आमच्या गल्लीतले लोकसुद्धा जुनी गाडी घ्यायची असली की अप्पांना "कान लावायला" घेऊन जायचे, आणि अप्पा नेहमी भिंतीपासून लांब, मोकळ्यावर उभे राहायचे. भिंत आवाज परत फेकते म्हणायचे.

या रिवाजात माझी एक भर होती. अप्पांचा हात वर झाला की मी त्यांची उलटतपासणी घ्यायचो. दुसऱ्या फेरीला काय किरकिरलं? क्लच सोडताना काय झालं? टॅपेट वाजतायत का? माझ्या स्कूटरच्या वेळी हे सगळी संध्याकाळ चाललं, पहिल्या गाडीच्या वेळी दोन दिवस. अप्पा वैतागायचे, "बापावर विश्वास नाही म्हण की सरळ" म्हणायचे, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर चवीचवीनं द्यायचे. मला वाटतं तो भाग त्यांना हात वर करण्यापेक्षाही आवडायचा.

तर विजयनगर. मी पहिल्यांदा एकटाच गेलो. माणूस पस्तिशीतला, कॉम्प्युटर कंपनीत, तीन-चार वर्षांपूर्वी पुण्याहून इकडे आलेला. बायकोला परदेशात नोकरी लागली, आम्ही निघतोय, म्हणाला. लागलीच असणार. गाडी विकणारा कुणी घरीच राहतोय असं मी आजवर ऐकलेलं नाही.

"काका, आधी चहा घेऊ या ना," तो म्हणाला.

"नको." चहा घेतला की भीड पडते.

गाडी पोर्चमध्ये उभी होती. गडद निळी. मला एकदम आत काहीतरी झालं, ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवायला लागलो. ठोकलेल्या गाडीच्या पत्र्यात लांबी, म्हणजे पुटी, भरून वर रंग मारलेला असला तर चुंबक तिथं धरत नाही. या गाडीला ते सगळीकडे धरलं. हे मला मुळीच आवडलं नाही. मग टायरवरचे आकडे पाहिले, पेडलच्या रबराची झीज पाहिली, सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले, टॉर्च घेऊन जमिनीवर उताणा झोपलो. पुणेकर शांतपणे उभा होता. मधूनच त्यानं मला खाली घ्यायला सतरंजी आणून दिली. इतका सालस विक्रेता मी पाहिला नव्हता आणि माझा संशय वाढत चालला.

शेवटी सापडलं. मागच्या काचेवरचा आकडा बाकीच्या काचांशी जुळेना.

"ही काच बदललीय."

"हो, मी सांगणारच होतो. नारळ पडला होता."

मी वर पाहिलं. शेजारच्या आवारातला माड त्याच्या पोर्चकडे झुकलेला होता. माड होता, नारळही होते. तरी निघताना मी कोपऱ्यावरच्या वॉचमनला नारळाबद्दल कानडीत विचारलं, "ई गाडी मेले तेंगिनकायी बिद्दित्ता?"

"हौदु सार," तो खुशीत म्हणाला. काचेचा भुगा झाला होता, आणि तो नारळ साहेबांनी त्यालाच देऊन टाकला होता, त्याची त्यानं चटणी केली होती. आता वॉचमनला पढवून ठेवायचंच झालं तर चटणीपर्यंत कोण पढवेल? पण मी वाटेत त्यावरही विचार केला. मुरलेला माणूस चटणीपर्यंत पढवेल.

दुसऱ्या खेपेला चालवून पाहिली. रिंग रोडला लागल्यावर त्यानं किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसला. तोही मला एकट्याला सोडायला तयार नव्हता, हे मला बरं वाटलं. तिसऱ्या गिअरला मी पाय दाबला, आणि त्यानंतरची दहा मिनिटं मी कशावरही संशय घेतला नाही. ते इंजिन ओरडत नव्हतं, गात होतं म्हणायची मला लाज वाटते, पण दुसरं काय म्हणू? गिअर हातात असे पडत होते की मनात आणायचा अवकाश. आपल्या वयाचा माणूस एकटाच हसतोय हे शेजारच्याला दिसू नये म्हणून मी उजवीकडे आरशात बघत राहिलो.

परतताना विजयनगरातल्या गल्ल्यांत हळू वळणांवर मला ते ऐकू आलं. डावीकडून, मागून. बारीक, गाडी उजवीकडे वळली की येणारं आणि सरळ झाली की थांबणारं. मी काच खाली केली, पुन्हा वळवली. पुन्हा आलं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

"हा आवाज कसला?"

"कुठला?" पुणेकर म्हणाला. "मला तर कधीच जाणवला नाही, काका."

पहिल्यांदाच त्याचं मराठी जरा अडखळलं होतं. ते मी मनात नोंदवून ठेवलं. आवाज किरकोळ असेल, नसेलही. अशा गाडीचा मागचा भाग उघडायचा म्हणजे सुटे भाग कुठून आणायचे तिथपासून तयारी. पण ही सोडली तर दुसरी मिळणार नव्हती. ही मिळायलाच मला पाच वर्षं लागली होती, आणि अप्पांनी ऐंशी ओलांडली होती. आता एकच माणूस याचा निकाल देऊ शकत होता. मी पुणेकराला म्हटलं, रविवारी वडिलांना घेऊन येतो, त्यांचा हात वर झाला तर गाडी घेतली. त्याला काही कळलं नाही, पण तो "अवश्य, अवश्य" म्हणाला.

अप्पांचं त्या दिवसांत काहीतरी बिनसलं होतं, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मी त्याचाही छडा लावत होतो. माझ्या धाकट्या भावाचा बेंगळूरहून फोन आला की ते घ्यायचेच नाहीत. फोन माझ्या बायकोकडे देऊन अंगणात जायचे. टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी सोडल्या होत्या, सगळे खोटं बोलतात म्हणून. लग्नकार्यात गेले तर आपणच बोलत सुटायचे, दुसऱ्याला तोंड उघडू द्यायचे नाहीत. मी त्यावरून असं अनुमान काढलं की भावानं घराच्या वाटणीचा विषय त्यांच्याकडे काढला असावा आणि अप्पांना तो माझ्यापासून लपवायचा असावा. या संशयावर मी सात-आठ महिने भावाशी तुटक वागलो. बिचाऱ्याला कारणही माहीत नव्हतं.

"अप्पा, ती गाडी सापडली की," मी त्यांच्यासमोर बसून म्हटलं. "सहावाली. विजयनगरात आहे. आयतवारी येऊन कान लावा."

अप्पा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्यांचा चेहरा फुलला आणि लगेच मिटला.

"तूच बघ की रे. तुला सगळं गोत्तु असतं. मला कशाला नेतोस, सुम्ने, उगाच."

"असं कसं? तुमचा हात वर झाल्याबिगर दारात गाडी येते का आपल्या?"

"आता कसली रीत आणि काय. वय झालं माझं, उन्हात कोण उभं राहणार."

"सकाळी लवकर जाऊ हो. स्वल्प वेळाचं काम."

ते नुसती मान हलवत राहिले. मला वाटलं, भावानं गाडीबद्दलही कान भरलेत. एवढा पैसा गाडीत कशाला घालतो म्हणाला असेल. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "तुम्ही आला नाहीत तर मी ती गाडी घेतच नाही, सांगून ठेवतो." अप्पांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "सरी. येतो." माझा बाप नाही म्हणता येत नाही म्हणून हो म्हणत होता, हे मला दिसलं नाही. जिथं काही नव्हतं तिथं मी टॉर्च घेऊन शोधत होतो.

रविवारी ते गॅरेजातून निवृत्त झाल्यावर शिवलेला कोट घालून आले. पुणेकरानं वाकून नमस्कार केला. अप्पा त्याला बोलू न देता नारळाच्या झाडाबद्दल, त्याच्या घराच्या उताराबद्दल, विजयनगरात पूर्वी कशी नुसती शेतं होती त्याबद्दल बोलत राहिले. मग जागा निवडायला गेले. या वेळी त्यांनी बराच वेळ घेतला. रस्त्याच्या कडेनं पाय दाबत दाबत चालले आणि शेवटी एका घराच्या कुंपणाला खेटून, गटारावरच्या फरशीवर उभे राहिले. ती फरशी डुगडुगत होती.

"अप्पा, ती हालतेय बघा. आणि मागं भिंत आहे. अंमळ इकडे या."

"इथंच चेन्नाग आहे. तू जा."

मी गाडीत बसलो, पुणेकर शेजारी. गल्ली छोटी, पुढं वळायचं, मागच्या रस्त्यानं फिरून पुन्हा गल्लीच्या सुरुवातीला यायचं. पहिली फेरी. अप्पा डोळे मिटून, हात मागं बांधून उभे. मी दुसऱ्या गिअरमध्ये त्यांच्या अगदी जवळून गेलो. दुसरी फेरी मुद्दाम हळू, कोपऱ्यावर आवाज नीट यावा म्हणून उजवीकडे जरा जास्तच वळवून घेतली. आवाज आला. मला आला, तर अप्पांना आलाच असणार. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला वाटलं, तिसऱ्या फेरीची वाट बघतायत.

तिसऱ्या फेरीला गल्लीच्या तोंडाशी एक पाण्याचा टँकर एका फाटकातून मागं येत होता. रस्ता अडला. मी इंजिन बंद केलं. तिथून अप्पा साठ-सत्तर पावलांवर होते, डोळे मिटलेले, मान किंचित झुकलेली, तरणेपणी मी त्यांना पाहिलं होतं अगदी तसेच. टँकर सरळ झाला, धुराचा लोट सोडला आणि गडगडत गल्लीत शिरला. तो अप्पांच्या जवळून गेला तेव्हा त्यांच्या पायाखालची फरशी हलली. ते मला इथून दिसलं. अप्पा क्षणभर थांबले. मग त्यांनी मान डोलावली आणि उजवा हात वर केला.

पुणेकर म्हणाला, "अहो, पण काका, आपण तर अजून इथंच…"

"थांबा," मी म्हटलं. "एक मिनिट काही बोलू नका."

मला एकदम सगळं कळलं. फोन, टीव्ही, बोलत सुटणं, माझ्या तोंडाकडे बघणं, भिंतीला खेटून त्या डुगडुगत्या फरशीवर उभं राहणं. सगळ्यांचं एकच कारण होतं आणि ते मी सोडून बाकी सगळं शोधलं होतं. ज्या माणसानं बंद काचेतून सहा सिलिंडर मोजले त्याला एक आख्खा टँकर ऐकू आला नव्हता. आणि मी त्याला "तुम्ही आला नाहीत तर गाडी घेतच नाही" म्हणून ओढत आणलं होतं. 

अप्पा अजून हात वर करून उभे होते. आता ते डोळे उघडणार आणि गाडी पुढच्या कोपऱ्यावर शोधणार. मी इंजिन सुरू केलं, गाडी सरळ मागं घेतली, मागच्या रस्त्याला लागलो आणि उलट्या बाजूनं वळसा घालायला निघालो, म्हणजे तिसरी फेरी संपवून आल्यासारखा मी त्यांच्यासमोर, पुढच्या कोपऱ्यावरून येईन. मी काय करतोय हे पुणेकराच्या लक्षात आलं असावं. मला वाटलं आता हा हसणार, किंवा आता हा याचा फायदा घेणार. म्हातारा पास म्हणाला ना, मग काढा पैसे.

"काका," तो हळूच म्हणाला, "डावीकडच्या मागच्या चाकाला आवाज आहे. मला माहीत होतं. परवा मी खोटं बोललो."

मी त्याच्याकडे पाहिलं. हा आता का सांगतोय, असा प्रश्न माझ्या मनात यायला हवा होता. आला नाही. तो पोरासारखा खाली बघत होता. एवढंच म्हणाला, "त्यांना फसवल्यासारखं वाटलं."

मी गाडी अप्पांसमोर उभी केली आणि उतरलो. त्यांच्या अगदी पुढ्यात जाऊन, ओठ नीट हलवत विचारलं, "काय म्हणता अप्पा?"

"चेन्नागिदे," अप्पा म्हणाले. "बेस आहे. घे."

"बरं अप्पा," मी म्हटलं.

पुणेकर पुढं आला आणि त्यांच्यासमोर उभा राहून मोठ्यांदा म्हणाला, "आजोबा, काका, आता तरी चहा!" मी दोन कप चहा प्यायलो. गाडी घेतली. पुणेकरानं आपण होऊन त्या चाकाच्या कामापुरती किंमत खाली आणली; मी त्यावर घासाघीस केली नाही, ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. घरी बायकोला अप्पांच्या कानाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला गोत्तु होतं. दोन वेळा तुम्हाला सांगायला आले, तर तुम्ही भाऊजींचा विषय काढून बसलात."

खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं मांडतो. पाटावर ती रिकीब, अप्पांचे पाने आणि पक्कड, माझं मायक्रोमीटर, आणि दारात गाडी; तिच्या चाकाचे सुटे भाग अजून यायचे होते. बायकोनं बॉनेटवर चंदन लावलं, झेंडूच्या माळा घातल्या, कुंकू घातलेला कोहळा मी गाडीसमोर फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडायला गाडी थोडी पुढं घ्यायची असते. घेतली. अप्पा फाटकाशी उभे होते. त्यांनी मला खुणेनं उतरायला सांगितलं.

आम्ही समोरासमोर उभे राहिलो. त्यांनी माझ्या चेहऱ्यावर नजर रोखली.

"त्या दिवशी तू मला काही विचारलं नाहीस."

"काय विचारायचं होतं अप्पा?"

"स्कूटरला विचारलंस. पहिल्या गाडीला दोन दिवस डोकं खाल्लंस. शेजारच्यांच्या गाडीला सुद्धा विचारलंस, तुझं काही देणंघेणं नसताना. आणि ही एवढी गाडी, नुसतं 'बरं अप्पा' म्हणून मोकळा झालास. घरी येईतोवर मला डाउट आला."

 संशय त्यांच्यापाशी माझ्यापेक्षा जास्त शिल्लक होता.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन दसरे झाले." मग त्यांनीच विचारलं, "मी हात वर केला तेव्हा समोरून काय गेलं होतं रे?"

  मी म्हटलं, "टँकर. पाण्याचा."

अप्पा हसायला लागले. कोटाच्या बाहीनं डोळे पुसले तरी हसू थांबेना. "तरीच. अंमळ जड वाटली मला." मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. गळ्यात हार घातलेली ती निळी गाडी त्यांच्या दारात उभी होती, आणि त्यांना तिच्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं. 

"खरं सांग," ते म्हणाले. "हिला आवाज आहे?"

"नाही अप्पा. अजिबात नाही."

त्यांनी माझे ओठ वाचले. मग ओठांवरून नजर काढून माझे डोळे वाचले, तपासणी खात्यात मीही कधी इतका वेळ घेतला नसेल.

"डावीकडचा की उजवीकडचा?"

"डावीकडचा," मी म्हटलं. "मागचा."

अप्पांनी कोट काढला, फाटकावर टाकला आणि पाटावरून आपले पाने उचलले, कुंकवासकट. चिरडलेलं लिंबू पायानं बाजूला सारून ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, माझ्याकडून जॅकनं चाक उचलून घेतलं आणि त्यावर पंजा ठेवला.

"फिरव," ते म्हणाले. "टकटक आहे की घरघर? नीट ऐकून सांग."